अमेरिकेंतील जुनीं बेसबॉल-मैदानें : थोर प्रसंगांच्या निवडीचा विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बेसबॉलच्या पहिल्या प्रतीच्या संघांसाठीं इ. स. १९०९ पासून १९२३ पर्यंत पोलाद व काँक्रीट यांचीं जीं मोठालीं क्रीडांगणें बांधलीं गेलीं, त्यांपैकीं आज दोनच उभीं आहेत : बोस्टन येथील फेनवे पार्क (१९१२) व शिकागो येथील रिग्ली फील्ड (१९१४). बाकीचीं पाडलीं गेलीं. ब्रुकलिनचें एबट्स फील्ड १९६० त, न्यूयॉर्कचें पोलो ग्राउंड्स १९६४ त, पिट्सबर्गचें फोर्ब्स फील्ड १९७१ त, शिकागोचें कोमिस्की पार्क १९९१ त गेलें; आणि जुन्या यांकी स्टेडियमचे शेवटचे अवशेष २०१० त हलविण्यांत आले. एबट्स फील्ड पाडण्यासाठीं जो लोखंडी गोळा आणिला होता त्यास पांढरा रंग देऊन वर बेसबॉलच्या चेंडूसारखी शिवण रंगविली होती, आणि चार वर्षांनीं तोच गोळा पोलो ग्राउंड्सवर चालविला. विनोदाची ही तऱ्हा आम्हांस तरी रुचत नाहीं.

स्थळ नाहींसें झालें म्हणजे त्याच्या नांवाबरोबर एखाददुसरा प्रसंग तेवढा लोकांच्या जिभेवर राहतो. तिकडील लेखक व वृत्तपत्रें अशा थोर प्रसंगांच्या याद्या वारंवार करीत असतात आणि रसिक त्यांवर हिरीरीनें वाद घालतात. या वादांत कोणता प्रसंग अधिक रोमहर्षक एवढेंच बहुधा पाहिलें जातें. प्रसंग सांगितला जातो तसाच घडला काय, त्याची साक्ष कोणाची व केव्हांची, आणि ज्या प्रसंगाची साक्ष कोणी जपूनच ठेविली नाहीं त्याची वाट काय, हे प्रश्न मागें पडतात. जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो अशा आमच्या वाचकांस हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतील, म्हणून त्यांचा येथें थोडा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

ज्यांस या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटच्या दूरच्या नात्यांतला खेळ. मैदान उघडलेल्या पंख्यासारखें. पंख्याच्या मुठीशीं फलंदाज उभा राहतो, समोरच्या लहानशा उंचवट्यावरून गोलंदाज चेंडू फेंकतो, आणि प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात. दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आंतून चेंडू कुंपणापलीकडे गेला कीं तो 'होम रन'. आपल्या षटकाराचाच हा भाऊ. मात्र त्यानें किती धांवा मिळावयाच्या हें वाटेंतील तळांवर आपले किती गडी त्या वेळीं उभे आहेत यावर अवलंबून. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं हीं जुनीं मैदानें शहरांतील रस्त्यांच्या मध्यें जशी जागा मिळाली तशीं बसविलेलीं असल्यामुळें कुंपणांचीं अंतरें एकसारखीं नसत. पोलो ग्राउंड्सचें उजवें कुंपण रेषेजवळ अवघें २५८ फुटांवर होतें, तर मध्यभागची भिंत सुमारें ४८० फुटांवर. २९ सप्टेंबर १९५४ रोजीं तेथें क्लीव्हलंडच्या विक वर्ट्झ यानें मारलेला प्रचंड टोला विली मेझ यानें पाठमोरें धांवत जाऊन झेलला. आणि त्याच सामन्याच्या दहाव्या, म्हणजे जादा, डावांत डस्टी ऱ्होड्स याच्या कितीतरी आंखूड टोल्यानें उजवें कुंपण ओलांडून सामना जिंकून दिला. लांब टोला फुकट गेला आणि आंखूड टोला कामास आला, हें मैदानाच्या आकारानें ठरविलें. असा प्रसंग खऱ्या अर्थानें त्या मैदानाचा म्हणावा. त्याचें चलच्चित्र उपलब्ध आहे व घटनेविषयीं वाद नाहीं. म्हणून तो येथेंच सोडतों.

यादींत बहुधा अग्रभागीं असणारा प्रसंग मात्र इतका निर्वेध नाहीं. १ ऑक्टोबर १९३२ रोजीं रिग्ली फील्डवर 'वर्ल्ड सीरीज' या वार्षिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतील तिसरा सामना न्यूयॉर्क यांकीज व शिकागो कब्ज या संघांत झाला. अध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट त्या दिवशीं प्रेक्षकांत होते. पांचव्या डावांत चार-चार अशी बरोबरी असतां बेब रूथ खेळावयास आला. कब्जचे गडी आपल्या बैठकींतून त्यास शिव्यांची लाखोली वाहत होते व तोहि उलट उत्तरें देत होता. मध्येंच त्यानें हात उंच केला. आणि मग चार्ली रूट याच्या चेंडूवर मध्यभागच्या कुंपणापलीकडे होम रन मारला. चेंडू कोठें जाणार हें त्यानें आधीं बोटानें दाखविलें आणि तेथेंच तो धाडला, अशी कथा आहे. सामना यांकीजनीं ७–५ असा जिंकला.

आतां या कथेचा पुरावा पाहूं. त्याच संध्याकाळच्या न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत जो विल्यम्स याच्या वृत्तांताच्या मथळ्यांत ही कल्पना आहे. म्हणजे कथा सर्वस्वीं उत्तरकालीन नाहीं, हें तिच्या बाजूचें मोठें प्रमाण. परंतु त्याच सामन्यास हजर असलेल्या बहुतेक बातमीदारांनीं आपल्या पहिल्या वृत्तांतांत तिचा उल्लेख केलेला नाहीं. थोडे दिवस गेल्यावर इतरांस ती आठवूं लागली. खुद्द रूथ आरंभीं संदिग्ध बोलत असे. पुढें त्यानें कथा आपलीशी केली व तींत भर घातली. रूटनें ती जन्मभर नाकारली, आणि रूथच्या जीवनावरील १९४८ च्या चित्रपटांत स्वतःची भूमिका करण्यासहि तो तयार झाला नाहीं. आपल्याकडे 'ध'चा 'मा' या प्रकरणाचा अस्सल कागद शोधण्यांत ज्यांनीं दिवस घालविले असतील, त्यांस या साऱ्या प्रकाराची चाल ओळखीची वाटेल.

सुमारें साठ वर्षांनीं प्रेक्षकांपैकीं एका हौशी मनुष्यानें हातकॅमेऱ्यानें घेतलेली फीत उजेडांत आली, आणि १९९९ त दुसरी. दोहोंवरून एवढें सिद्ध होतें कीं रूथनें हात वर केला होता. तो हात कुंपणाकडे होता, गोलंदाजाकडे होता, कीं शिव्या देणाऱ्यांच्या बैठकीकडे होता, याचा निकाल फितींवरून लागत नाहीं. पाहणारा आपल्या मताप्रमाणें पाहतो. आमचा अभिप्राय असा कीं, हात उंचावणें हें इतिहासांत घालावें आणि रोंख दाखविणें हें बखरींत ठेवावें. जातां जातां चित्रें व स्मृतिचिन्हें जमविणारांस एक खूण सांगून ठेवतों. रिग्ली फील्डच्या बाहेरच्या भिंतीवरील प्रसिद्ध वेल १९३७ त लाविली. १९३२ चा म्हणून दाखविलेल्या एखाद्या चित्रांत ती वेल दिसली तर तें चित्र मागाहूनचें समजावें.

पोलो ग्राउंड्सवरील ३ ऑक्टोबर १९५१ चा प्रसंग याच्या उलट आहे. तेथें घटना निःसंशय. गुंता तिच्या साधनांत आहे. न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ऑगस्टांत ब्रुकलिन डॉजर्सच्या १३॥ सामने मागें होता. त्यानें हंगामाच्या अखेरीस बरोबरी गांठली, आणि तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेंतील शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या डावांत ४–१ असा मागें असतां तो पुढें सरसावला. बॉबी टॉमसन यानें राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होम रन मारून ५–४ असा जय मिळविला. त्या क्षणीं रेडिओवरील समालोचक रस हॉजेस यानें जायंट्स जिंकल्याचें एकच वाक्य चार वेळां ओरडून सांगितलें. आज तो प्रसंग लोकांस आठवतो तो बराचसा या ओरडण्यामुळें.

पण तें ओरडणें आपल्यापर्यंत आलें कसें? रेडिओकेंद्रानें तें मुद्रित करून ठेविलें नव्हतें. ब्रुकलिनमधील एका तरुणास त्या दिवशीं कामावर जाणें भाग होतें. त्यानें आपल्या आईस सांगून ठेविलें कीं सामन्याच्या अखेरीस घरचें ध्वनिमुद्रण-यंत्र सुरू कर. त्या माउलीनें तें सुरू केलें, आणि ती फीत हॉजेसकडे पोंचली. ज्यास आपण एका मैदानाचा सर्वांत प्रसिद्ध आवाज म्हणतों त्याचें मूळ ही एक प्रत. हॉजेस स्वतः असें सांगे कीं फीत करणारा प्रतिपक्षाचा, म्हणजे डॉजर्सचा, चाहता असून हॉजेसची फजिती जपून ठेवण्यासाठीं त्यानें ती केली होती. चौकशीअंतीं तो जायंट्सचाच चाहता निघाला. पोथीबरोबर आलेली हकीकत पोथीहून कमी विश्वसनीय असते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच.

याच प्रसंगास जोडलेलें दुसरें प्रकरण पन्नास वर्षांनीं बाहेर आलें. ३१ जानेवारी २००१ च्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्यें जोशुआ प्रेगर यांनीं सप्रमाण लिहिलें कीं, त्या हंगामांत जायंट्सनीं मैदानाच्या मध्यभागच्या टोंकास असलेल्या आपल्या खोलींत दुर्बीण बसविली होती; तिच्यांतून प्रतिपक्षाच्या खुणा वाचून विजेच्या घंटेनें त्या आपल्या गड्यांस कळविल्या जात. त्या संघांतील अनेकांनीं हें कबूल केलें. टॉमसननें दुर्बिणीची योजना मान्य केली, पण त्या विशिष्ट चेंडूची सूचना आपणांस मिळाली नव्हती असें तो सांगत राहिला. तो मरण पावला असल्यानें (२०१०) याहून पुढें जातां येणार नाहीं. त्या दिवशीं मैदानांत ३४,३२० प्रेक्षक होते. सुमारें वीस हजार जागा रिकाम्या होत्या. पुढें मात्र आपण तेथें होतों असें सांगणारांची वाण पडली नाहीं.

यांकी स्टेडियमचा ४ जुलै १९३९ हा दिवस पाठचिकित्सेच्या दृष्टीनें सर्वांत मनोरंजक आहे. लागोपाठ २,१३० सामने खेळलेल्या लू गेरिग यास स्नायु निकामी करणारा असाध्य रोग जडला, आणि ६१,८०८ प्रेक्षकांसमोर त्याचा निरोपसमारंभ झाला. त्यानें केलेलें लहानसें भाषण अमेरिकन लोकांस जवळजवळ तोंडपाठ आहे. परंतु त्या भाषणाचें पूर्ण मुद्रण शिल्लक नाहीं. वार्तापटांतून कांहीं थोडीं वाक्यें तेवढीं ऐकूं येतात. उरलेला मजकूर वृत्तपत्रांतील निरनिराळ्या पाठांवरून जुळविलेला आहे. १९४२ त गेरिगवर जो चित्रपट निघाला त्यांत आपण भाग्यवान असल्याबद्दलचें त्याचें प्रसिद्ध वाक्य भाषणाच्या अखेरीस घातलें. तें प्रत्यक्षांत आरंभींच होतें. नाटकास तें शेवटीं शोभलें हें खरें. पण पुष्कळांच्या स्मरणांत आज मैदानावरील भाषण नसून चित्रपटांतील आहे, आणि जे आपण मूळ ऐकल्याचें सांगतात त्यांच्याहि सांगण्यांत चित्रपटाचा क्रम शिरलेला आढळतो. मृत्यूच्या छायेंत उभ्या असलेल्या मनुष्यानें कृतज्ञतेनें बोलावें, एवढी मूळ गोष्ट मात्र कोणत्याहि पाठभेदानें ढळत नाहीं. ती थोरच आहे.

फोर्ब्स फील्डची कथा थोडक्यांत सांगतां येईल. १३ ऑक्टोबर १९६० रोजीं वर्ल्ड सीरीजच्या सातव्या सामन्यांत, ९–९ अशी बरोबरी असतां, बिल मॅझरॉस्की यानें नवव्या डावांत होम रन मारून पिट्सबर्गला अजिंक्यपद मिळवून दिलें. सबंध सामन्याचें चित्रण कोठेंच उरलें नाहीं असें पुष्कळ वर्षें समजत. डिसेंबर २००९ मध्यें तें गायक बिंग क्रॉस्बी याच्या कॅलिफोर्नियांतील घराच्या तळघरांत पांच रिळांच्या रूपानें सांपडलें. क्रॉस्बी त्या संघाच्या मालकांपैकीं एक. आपण सामना पाहिला तर संघ हरेल या भीतीनें तो पॅरिसला जाऊन बसला होता, आणि जिंकल्यास मागाहून पाहतां यावा म्हणून त्यानें दूरचित्रवाणीवरील चित्रण उतरवून घेण्याची व्यवस्था केली होती. एका श्रीमंत गृहस्थाच्या शकुनअपशकुनावरील श्रद्धेमुळें इतिहासाचें साधन वांचल्याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारांत अद्यापि उभा आहे, आणि दर वर्षीं त्याच तारखेस चाहते तेथें जमून त्या सामन्याचें समालोचन पुन्हां ऐकतात.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट दिसून येईल. हौशी मनुष्याची फीत, एका आईनें फिरविलेलें बटण, तळघरांतील रिळें, चित्रपटानें बदललेला पाठ : या यादींतील प्रसंग निवडले ते बव्हंशीं यदृच्छेनें. ज्यांस ध्वनि किंवा चित्र लाभलें ते वर आले. मग ज्यांच्या घरीं यंत्रें नव्हतीं, आणि ज्यांच्याकडे यंत्रवाल्यांनीं पाहिलेंच नाहीं, त्यांचें काय झालें?

याच मैदानांवर, त्याच वर्षांत, कृष्णवर्णीयांचे संघ भाडें भरून खेळत असत. १८८४ नंतर वरिष्ठ संघांत त्यांस प्रवेश नव्हता. त्यांच्या स्पर्धा निराळ्या असून त्यांस त्या काळीं 'नीग्रो लीग' हें नांव होतें. यांकी स्टेडियमवर त्यांचा पहिला सामना ५ जुलै १९३० रोजीं झाला, तोहि रेल्वेच्या शयनडब्यांतील कृष्णवर्णीय नोकरांच्या संघटनेच्या मदतीसाठीं. कोमिस्की पार्कवर ६ जुलै १९३३ रोजीं श्वेतवर्णीयांच्या निवडक खेळाडूंचा पहिला सामना झाला, ही गोष्ट सर्व याद्यांत आहे. त्याच मैदानावर त्याच वर्षाच्या १० सप्टेंबर रोजीं कृष्णवर्णीयांच्या निवडक खेळाडूंचा पूर्व-पश्चिम सामना सुरू झाला; तो फार थोड्या याद्यांत आहे. त्याचे संघ वाचकांच्या मतांवरून ठरत, आणि तीं मतें 'शिकागो डिफेंडर' व 'पिट्सबर्ग कूरिअर' यांसारखीं कृष्णवर्णीयांचीं साप्ताहिकें गोळा करीत. १ ऑगस्ट १९४३ रोजीं या सामन्यास ५१,७२३ प्रेक्षक आले. त्याच वर्षीं फिलाडेल्फियांत झालेल्या श्वेतवर्णीयांच्या निवडक सामन्यास सुमारें बत्तीस हजार होते. सॅचेल पेज यानें आरंभीचे तीन डाव चेंडू टाकले व पश्चिमेनें २–१ असा विजय मिळविला. इतका मोठा समुदाय, इतका चुरशीचा सामना, आणि तरीहि तो आज कानांवर येत नाहीं, याचें कारण त्याचें ओरडणें कोणी जपून ठेविलें नाहीं.

येथें आमच्यासारख्या कागदपूजकांची पंचाईत होते. जॉश गिब्सन हा नीग्रो लीगमधील थोर फलंदाज. त्यानें यांकी स्टेडियमच्या साफ बाहेर चेंडू मारला अशी कथा आहे. परंतु कोणी १९३० म्हणतो, कोणी १९३४, आणि समकालीन वृत्तांत एकहि मिळत नाहीं. रूथच्या बोटास जी कसोटी लाविली ती येथें सोडतां येत नाहीं, म्हणून ही कथा आम्हीं स्वीकारीत नाहीं. पण दोन्ही प्रकरणें सारखीं मानणेंहि न्यायाचें होणार नाहीं. रूथच्या सामन्यास देशभरचे बातमीदार हजर होते व तरीहि बहुतेक गप्प राहिले. त्यांचें मौन हाच एक पुरावा आहे. गिब्सनच्या सामन्यांस मोठ्या वृत्तपत्रांचा माणूस बहुधा नसेच. तेथील मौनावरून काय अनुमान काढणार?

ही उणीव भरून काढण्याचें काम संग्राहकांनीं केलें, हें येथें अगत्यानें नमूद केलें पाहिजे. जुन्या साप्ताहिकांच्या अंकांतून एकेका सामन्याचा गुणतक्ता उतरून काढीत कित्येकांनीं आयुष्याचीं वर्षें वेंचलीं. डिसेंबर २०२० मध्यें या स्पर्धांस वरिष्ठ दर्जा देण्यांत आला आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत मिळविले गेले. तेव्हां गिब्सनची सबंध कारकीर्दीची सरासरी ०.३७२ भरली, आणि टाय कॉब याची ०.३६७ ही पिढ्यान् पिढ्या पहिली समजली गेलेली सरासरी दुसरी झाली. आणखी अंक सांपडतील तसे हे आंकडेहि बदलतील.

आतां निवड. आमच्या मतें या मैदानांच्या इतिहासांतील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे एबट्स फील्डवरील १५ एप्रिल १९४७ चा सामना. त्या दिवशीं जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, आणि त्रेसष्ट वर्षांची बंदी मोडली. मैदान भरलें नव्हतें. प्रेक्षक सुमारें सव्वीस हजार, आणि त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावे असा अंदाज आहे. रॉबिन्सनचा एकहि टोला यशस्वी झाला नाहीं. सातव्या डावांत त्यानें चेंडू हलकेच पुढें टाकून धांव घेतली, प्रतिपक्षाच्या गड्याची फेंक चुकली, आणि पीट रायझरच्या टोल्यावर रॉबिन्सननें आघाडीची धांव पुरी केली. डॉजर्स ५–३ नें जिंकले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या स्तंभलेखकास त्याच्या पदार्पणांत विशेष कांहीं घडलेलें दिसलें नाहीं, आणि केवळ खेळाच्या दृष्टीनें तो चुकला असें म्हणतां येत नाहीं. 'पिट्सबर्ग कूरिअर'च्या वाचकांस मात्र त्यांच्या वेंडेल स्मिथ या बातमीदारानें ही घटना केवढी आहे हें त्याच आठवड्यांत सांगितलें होतें. एकाच दुपारचे हे दोन समकालीन, अस्सल, विश्वसनीय वृत्तांत शेजारीं ठेवून वाचल्यावांचून तो दिवस समजत नाहीं. रोमहर्षाच्या कसोटीवर हा सामना कोणत्याहि यादींत शंभरावाहि येणार नाहीं. पण त्या दिवसानंतर त्या मैदानांत आणि तशाच इतर सर्व मैदानांत कोणी खेळावयाचें हें बदललें, आणि तें पुन्हां पूर्ववत् झालें नाहीं.

याच्या खालोखाल कोमिस्की पार्कचा १ ऑगस्ट १९४३ आम्ही ठेवतों. गेरिगच्या भाषणास, पाठभेदांसह, तिसरें स्थान देण्यास हरकत नाहीं. रूथच्या बोटास मात्र, कोणाच्या माळ्यावरून तिसरी एखादी फीत निघेपर्यंत, थांबावें लागेल.